बाळाचे लंगोट : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात बाळंतविड्यात काय काय घ्यावं ते लिहिलं होतं, त्यात लंगोटांवर मी एकच ओळ लिहिली, "भरपूर ठेवा, सुती ठेवा" एवढीच. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर लंगोटांनाच देते. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मला सातवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. आई म्हणते आजीच्या जुन्या सुती साड्या आहेत त्या फाडून लंगोट शिवू. सासूबाई म्हणतात आता कोण शिवत बसतं, ऑनलाइन बटणंवाले कापडी डायपर मिळतात ते मागवू. मी काय करू आणि किती लागतील? (डोंबिवली)

उत्तर : अगं दोघींचंही बरोबर आहे, फक्त आईचं पहिल्या दोन महिन्यांसाठी आणि सासूबाईंचं त्याच्या पुढे. ते बटणंवाले कापडी डायपर, ज्यात आत पॅड घालतात, ते बहुतेक वन-साइज असतात आणि बाळ पाच किलोच्या आसपास गेल्यावरच मांडीला नीट बसतात. आपली बाळं जन्मतात अडीच-तीन किलोची, मांड्या अंगठ्याएवढ्या, मग कडेने गॅप राहते आणि सगळं झबलं, दुपटं, तुझी साडी ओली. शिवाय तान्हं बाळ थोडी थोडी पण सारखी शू करतं, तेव्हा जाड पॅडपेक्षा पातळ कापड बरं, झटकन बदलता येतं, झटकन धुतलं जातं आणि झटकन वाळतं. नवजात बाळाच्या मापाचे वेगळे कापडी डायपरही मिळतात पण ते दोनेक महिन्यांतच लहान होतात, कोणी वापरलेले दिले तर घे, मुद्दाम पैसे घालू नकोस.

पातळ लंगोट दिवसाला १५ ते २० सहज होतात. त्यामुळे कोरड्या दिवसांत ३०-३५ आणि पावसाळ्यातली डिलिव्हरी असेल तर ४० च्या वर ठेव. आजीच्या साड्या नक्की वापर, वर्षानुवर्षं धुऊन ते सूत जेवढं मऊ झालेलं असतं तेवढं नवं कापड कुठलंच नसतं. फक्त साडी खरंच सुती आहे का ते बघ, एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटव, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते आणि टेरिकॉट-पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. जर आणि काठ कापून टाक.

२४ इंचाचा चौकोन काप. कर्णावर घडी घातली की त्रिकोण होतो, त्याची लांब बाजू बाळाच्या कमरेखाली सरकवायची, खालचं टोक पायांमधून वर आणायचं आणि बाजूची दोन टोकं त्याच्यावर. वरची कड दोन बोटं बाहेरच्या बाजूला दुमडून नाळेच्या खाली ठेवायची, हे विसरू नकोस, नाळ उघडी आणि कोरडी राहायला हवी, ती साधारण एक ते तीन आठवड्यांत आपोआप पडते, त्यावर तेल, हळद, राख काहीही लावायचं नाही. मुलगा असेल तर पुढच्या बाजूला एक छोटी पट्टी जास्तीची घाल. सेफ्टी पिन नको. नाडी बांधलीस तर नाडी आणि पोट यात तुझी दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

आणि आता जे सांगते ते आईलाही वाचून दाखव. चौकोनाच्या चारही कडा दुमडून शिवायच्या, नुसत्या फाडलेल्या कापडाचे लंगोट नकोत. सुटलेला एक बारीक धागा किंवा बाळंतिणीचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाला किंवा मुलाच्या शूच्या जागेला गुंडाळला जातो, बाळ पाय हलवतं तसा तो आवळत जातो आणि रक्त अडतं. बोट लाल होतं, सुजतं, मग त्या सुजेत तो धागा दिसेनासाच होतो. बाळ दूध प्यायलेलं आहे, कोरडं आहे आणि तरी किंचाळून रडतंय, गप्पच होत नाहीये, अशा वेळी मोजे आणि लंगोट काढून एक एक बोट वेगळं करून बघायचं, धागा दिसला आणि सहज निघाला नाही तर तसंच डॉक्टरकडे जायचं. दुपटी, मोजे, टोपडी वापरण्याआधी उलटी करून आतले धागे कापून टाकायची सवय घरात सगळ्यांनी लावून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे ट्रंकेत माझ्या नवऱ्याच्या वेळची दुपटी आणि लंगोट जपून ठेवलेत, डांबरगोळ्या घालून. कापड छान आहे, वास मात्र येतो. धुऊन वापरले तर चालतील ना? (सांगली)

उत्तर : हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत, मी हा मुद्दाम वर घेतलाय. डांबरगोळीत बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं. काही बाळांच्या लाल पेशींमध्ये जी-६-पी-डी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं, मुलग्यांमध्ये हे जास्त दिसतं, आणि बाळाकडे बघून ते कळत नाही. अशा बाळाला नॅप्थलीनचा वास लागलेल्या कपड्यात गुंडाळलं की त्वचेतून आणि श्वासातून ते अंगात जातं, लाल पेशी भराभर फुटतात आणि कावीळ एकदम चढते. नवजात बाळाची कावीळ खूप वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जपून ठेवलेल्या प्रेमाच्या कपड्यांमुळे असं होऊ नये हो.

तर माझं स्पष्ट मत, वास येतोय तोवर ते कापड बाळाच्या अंगाला लावायचं नाही. अजून वेळ असेल तर गरम पाण्यातून दोन-तीनदा धुवा, बरेच दिवस कडक उन्हात आणि वाऱ्यावर टाका, आणि तरी वास राहिला तर पोछा करायला काढा. मन घट्ट करा आणि काढा. बाळंतिणीच्या खोलीतल्या कपाटातल्या गोळ्याही आजच काढा, तिच्या साड्या-गाऊनच्या घड्यांतल्यासुद्धा. कापराच्या वड्याही तान्ह्या बाळाच्या कपड्यांत नकोत. कपडे स्वच्छ आणि पूर्ण कोरडे असतील तर दोन-चार महिने काहीही न घालता छान राहतात.

प्रश्न : मॅडम, मी नवीन बाबा आहे, मुलगी आठ दिवसांची आहे. दिवसा लंगोट बदलायची ड्युटी माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी लंगोटावर विटकरी रंगाचा डाग होता आणि काल तर रक्ताचा थेंब दिसला, मी घाबरलोय, बायकोला अजून सांगितलं नाही. (पिंपरी)

उत्तर : सांगा हो तिला, आणि आधी तुम्ही श्वास घ्या. पहिल्या आठवड्यात मुलींना थोडासा पांढरा स्राव किंवा रक्ताचा एखाद-दुसरा थेंब जाऊ शकतो, आईच्या हार्मोन्सचा परिणाम ओसरत असतो, काही करावं लागत नाही, आपोआप थांबतं. पहिल्या दोन-तीन दिवसांतला विटकरी-गुलाबी पावडरसारखा डाग हा शूमधल्या युरेट नावाच्या क्षाराच्या बारीक कणांचा असतो, तोही बऱ्याच बाळांत दिसतो. पण चौथ्या-पाचव्या दिवसानंतरही विटकरी डाग येत राहिला तर दूध कमी पडतंय असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. रक्त थेंबापेक्षा जास्त असेल, शीमध्ये असेल किंवा आठवड्यानंतरही जात असेल तरी दाखवायचं.

तुम्ही ड्युटी घेतलीत याचा मला खरंच खूप आनंद झाला, कारण लंगोट बदलणाऱ्यालाच बाळाची तब्येत सगळ्यात आधी कळते. पाचव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा चांगली शू व्हायला हवी, तेवढी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय, मग आल्यागेल्यांनी "बाळ सारखं रडतं, दूध पुरत नाही वाटतं" म्हणून बाळंतिणीचा जीव खाल्ला तरी तुम्ही आकडा सांगायचा. पातळ कापडाचा हा मोठा फायदा आहे, प्रत्येक शू दिसते.

शीचा रंग बघत जा. पहिली शी काळी-हिरवट, चिकट, मग हिरवट-पिवळी आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार. अंगावरचं दूध पिणारी बाळं दर पाजण्याला शी करतात, ती जुलाब नव्हेत. पण शी पांढरट, राखाडी किंवा खडूसारखी फिकट दिसली, किंवा शूने लंगोटाला गडद पिवळा डाग पडायला लागला आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ आहे, तर थांबू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे तो लंगोट घेऊन जा. नवजात बाळाची शू जवळजवळ रंगहीन असते. पित्ताची नळी बंद असलेल्या बाळांत अशी लक्षणं दिसतात आणि त्यावरचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांच्या आत झालं तर त्याचा उपयोग जास्त होतो, म्हणून फिकट शी "बघू पुढच्या लसीला" म्हणून सोडायची नसते.

मुलीला पुसताना नेहमी पुढून मागे, साध्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने. वाइप्स घरात असताना लागत नाहीत.

प्रश्न : ताई जुलैत बाळंतपण झालं, आमच्याकडे पाऊस उघडतच नाही. लंगोट दोन दोन दिवस दमट राहतात, कुबट वास येतो. मी सॉफ्टनर घालते, शेवटच्या पाण्यात डेटॉल घालते तरी वास जात नाही. सासूबाई शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर वाळवतात. (रत्नागिरी)

उत्तर : कोकणातला जुलै आणि तान्हं बाळ, कळतंय मला. आधी सॉफ्टनर बंद कर, त्याचा थर सुतावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं, लंगोट मऊ लागतो पण शू बाजूने वाहून जाते. डेटॉलही बंद, ते कापडात राहिलं की नाजूक त्वचेची आग होते. वास येतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी, साबण पूर्ण निघत नाही म्हणून, नाहीतर कापड वेळेत वाळत नाही म्हणून, आणि ही दोन्ही कारणं डेटॉलने जात नाहीत.

असं कर. शी असेल तर ती आधी टॉयलेटमध्ये झटकून, गार पाण्याने खळखळून काढ, गरम पाणी आधी घातलं तर डाग पक्का होतो. शूचे लंगोट निघतील तसे लगेच साध्या पाण्यातून पिळून बादलीत टाक, दिवसभर ओल्या गोळ्यात पडू देऊ नकोस. मग दिवसातून एकदा सगळे गरम पाण्यात, मशीन असेल तर ६० डिग्रीवर, नेहमीच्या साबणाचं प्रमाण निम्मं करून धू आणि फेस अजिबात दिसेनासा होईपर्यंत खळबळ. पाणी ओतलं की लंगोट पिळून वास घेऊन बघ, साबणाचा वास आला तर अजून एक पाणी.

वाळवायला मशीनमध्ये दोनदा स्पिन, मग घरात दोरीवर एका पदरात, एकावर एक नाही, खाली टेबलफॅन. अर्धवट वाळले की गरम इस्त्री, पूर्ण कोरडे होईपर्यंत. हात लावून गार लागलं तर अजून दमट आहे असं समज. शेगडीची टोपली ही जुन्या घरांतली युक्ती आहे, तेव्हा दारं-खिडक्या-कौलांतून धूर निघून जायचा. बंद खोलीत, बाळ-बाळंतीण आत असताना कोळसा पेटवणं धोक्याचंच आहे, कोळशातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही की त्याला वास येत नाही. सासूबाईंना पडवीत वाळवू देत, खोलीत नको. धुरीचंही तेच, बाळाची फुप्फुसं धूर सहन करायला तयार नसतात.

पिवळे डाग राहिलेत म्हणून हात दुखेपर्यंत घासू नकोस गं. तान्ह्या बाळाच्या शीचा पिवळेपणा बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्याचा असतो आणि उजेडात तो रंग विरतो, काविळीच्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते याच तत्त्वावर. ऊन पडलं की ओले डागाचे लंगोट उन्हात टाक, दोन-तीन उन्हांत बरेच फिके होतील. स्वच्छ लंगोटावर डाग राहिला तरी तो लंगोट स्वच्छच असतो. शेजारच्या काकू काय म्हणतील हे सोड.

आणि एक, तू बाळंतीण आहेस. हे सगळं धुणं तू करत असशील तर मला ते अजिबात पटत नाही. घरात नवरा, दीर, सासरे जे कोणी आहेत त्यांच्यात वाटून दे. पाणी तापवणं, दोरीवर टाकणं, इस्त्री, घड्या, यातलं कुठलंही काम दूध पाजणाऱ्या बाईनेच करायला हवं असं नाही.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं, जांघेत लाल झालंय. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, दोन दिवस बरं वाटलं, परत आलं. पावडर भरपूर लावते. (नाशिक)

उत्तर : पावडर आजपासून बंद. ती घड्यांत ओली होऊन गोळा होते आणि उडालेली बाळाच्या श्वासात जाते. बोरिक पावडर तर घरात असेल तर फेकूनच दे, तान्ह्या बाळाला ती विषारी आहे.

आता रॅश नीट बघ, उजेडात. फुगीर भागावर, म्हणजे ढुंगणावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला लाली आहे पण जांघेच्या घडीच्या आत त्वचा ठीक आहे, तर तो बहुधा ओलाव्याचा आणि घासण्याचा रॅश. शू-शी एकत्र बराच वेळ त्वचेला लागली की तिची आग होतेच. त्याला औषधापेक्षा मोकळी हवा जास्त लागते, मेणकापडावर जाड दुपटं टाक आणि दिवसातून तीन-चारदा बाळाला पंधरा-वीस मिनिटं उघडं झोपू दे, साध्या पाण्याने धू, टिपून कोरडं कर, चोळू नकोस, वर झिंक ऑक्साइडचं क्रीम जाडसर लाव. ते क्रीम कापडाला लागलं की कापड शोषत नाही, म्हणून मध्ये जुन्या मलमलचा एक तुकडा ठेव, तोच फक्त वेगळा धू. पण तू जांघेत म्हणतेस, आणि घडीच्या आतच लालभडक आहे, कडेला सुट्या बारीक पुळ्या आहेत, तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं.

मेडिकलवाल्याच्या क्रीमचं नाव आणि घटक डॉक्टरांना दाखव. आपल्याकडे स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली क्रीम चिठ्ठीशिवाय सर्रास हातात ठेवतात. स्टिरॉइडने लाली पटकन जाते म्हणून दोन दिवस बरं वाटतं आणि मग उलटून येते, शिवाय लंगोटाच्या आत ते जास्त शोषलं जातं. दीड महिन्याच्या बाळाला असं क्रीम परस्पर लावायचं नाही.

प्रश्न : आजेसासूबाई मालिश झाल्यावर बाळाचे दोन्ही पाय सरळ ओढून, लंगोटासकट दुपट्यात घट्ट बांधतात, नाहीतर पाय वाकडे राहतील म्हणतात. (सातारा)

उत्तर : नको. गर्भात बाळ पाय पोटाशी घेऊन असतं, जन्मल्यावर पाय थोडे वाकलेले दिसतात ते नॉर्मल आहे आणि चालायला लागल्यावर हळूहळू सरळ होतात. उलट पाय सरळ करून जुळवून घट्ट बांधले की खुब्याचा सांधा खोबणीतून सरकायचा धोका वाढतो. गुंडाळायचं तर हात-छातीला हलकं, कमरेखाली सैल, बेडकासारखे पाय वर आणि बाहेर वळवता आले पाहिजेत. पायांमध्ये लंगोटाची जाड घडी आली तर पाय थोडे फाकलेले राहतात, ते चांगलंच आहे, "फेंगडी चालेल" ही भीती काढून टाका. आजेसासूबाईंना तोडून बोलू नकोस, पुढच्या लसीला त्यांना बरोबर ने आणि डॉक्टरांना बाळाचे खुबे तपासून त्यांच्यासमोरच समजवायला सांग, असं सांगितलेलं बऱ्याचदा पटतं.

प्रश्न : ताई आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. सगळे म्हणतात कापडीच वापर, डायपरने बाळाचं नुकसान होतं, कचरा होतो. मला फार अपराधी वाटतं. (लातूर)

उत्तर : लातूरच्या बाईला पाण्याचं कोणी शिकवू नये. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं ते मी विसरले नाहीये. अगं पाणीच नसेल तर न खळबळलेला, साबण राहिलेला लंगोट बाळाला डायपरपेक्षा जास्त त्रास देतो. दिवसा शूसाठी पातळ कापड, रात्री आणि बाहेर जाताना डायपर, असं सरळ कर. शीची वेळ साधारण कळायला लागली की त्या वेळी अगदी जीर्ण कापडाचा तुकडा आत ठेव म्हणजे लंगोट भरत नाही. शेवटच्या खळबळीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला ठेव.

डायपरने नुकसान होतं ते तो तासन् तास तसाच ठेवल्याने. तीन-चार तासांनी बदलायचा, शी झाली की लगेच. खर्चाचा हिशोब मात्र कर, एक डायपर १० रुपये धरला आणि दिवसाला ८, तर महिन्याला २४०० रुपये. रात्रीचे दोनच वापरले तर ६०० त भागतं.

कचऱ्याचं म्हणशील तर वापरलेला डायपर, शी टॉयलेटमध्ये टाकून, गुंडाळी करून कागदात बांधायचा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा द्यायचा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने त्या पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत सुरू केली, म्हणजे उचलणाऱ्या बाईला ती उघडून हात घालावा लागत नाही. लातुरातही एक लाल स्केचपेन दाराशी ठेवायला काय हरकत आहे. आणि घंटागाडीवाल्याला त्या ठिपक्याचा अर्थ एकदा सांगून ठेव.

प्रश्न : बाळाला शी-शू साठी पायावर कधीपासून घ्यावं? (बेळगाव)

उत्तर : मान धरायला लागलं की, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांनी. पाजल्यावर थोड्या वेळाने किंवा झोपेतून उठल्यावर, पाठ आपल्या पोटाला टेकवून, तोंडाने "श्श" करत दोन-तीन मिनिटं. झाली तर झाली, बाळ ताठ झालं किंवा रडायला लागलं की लगेच उचलायचं आणि लंगोट बांधून टाकायचा.